चर बुजण्याआधी: खान्देशात पाइपलाइनच्या कामावर पर्यावरणाची देखरेख करायला निघालेल्यांसाठी

पेट्रोलियम पाइपलाइनच्या कामावर पहिल्या दिवशी मला तीन गोष्टी मिळाल्या: हिरवं जाकीट, हेल्मेट आणि दीडशे पानांची इंग्रजी चेकलिस्ट. कुठे उभं राहायचं, काय बघायचं, कोणाला काय विचारायचं हे कोणी सांगितलं नाही. पहिले दोन महिने मी कॅम्पवर बसून रकाने भरले आणि त्यांतले निम्मे आज कोणी दाखवले तर मला लाज वाटेल. पुढे धुळे, अमळनेर, जळगाव, भुसावळ अशा पट्ट्यात चालत चालत जे कळलं ते इथे लिहितो आहे. कंत्राटदाराकडे, सल्लागार संस्थेत किंवा कंपनीच्या एचएसई (आरोग्य, सुरक्षा, पर्यावरण) विभागात नव्याने लागलेल्यांना डोळ्यांपुढे ठेवलं आहे. गावचा सरपंच किंवा नगरसेवक असाल तरी उपयोग होईल.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण खालच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. रस्ता किंवा इमारत झाल्यावरही तपासता येते. पाइपलाइन गाडली जाते. चर सकाळी उघडते, दुपारी पाइप उतरतो, संध्याकाळी पोकलेन माती लोटतो आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी पोचलात तर तिथे एक लांबट उंचवटा सोडून बघण्यासारखं काही नसतं. म्हणून आपल्या कामात वेळापत्रक मोजमापाच्या मीटरपेक्षा महत्त्वाचं. रोज संध्याकाळी साइट इंजिनिअरला एकच प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: "उद्या कुठल्या चेनेजला लोअरिंग आहे, आणि कुठे बॅकफिल?" (चेनेज म्हणजे रेषेच्या सुरुवातीपासूनचं अंतर, लोअरिंग म्हणजे पाइप चरीत उतरवणं, बॅकफिल म्हणजे चर मातीने भरणं.)

१. कोणत्या अटी लागू आहेत ते आधी शोधा

नवखा माणूस पहिल्यांदा 'पर्यावरण मंजुरीचं पत्र' मागतो. ते बऱ्याचदा नसतंच, आणि तो घाबरतो. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय आघात मूल्यांकन) अधिसूचनेत तेल-वायू वाहून नेणाऱ्या पाइपलाइनला ही मंजुरी लागते ती राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, प्रवाळ किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रातून ती जात असेल तेव्हा. आपल्याकडे यावल अभयारण्य किंवा शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण अभयारण्य यांच्या बाजूने रेषा जात असेल तर नकाशा दोनदा तपासा. जळगाव किंवा धुळ्याच्या वेशीवरून, शेतातून, एमआयडीसीच्या कडेने जाणाऱ्या तुकड्याला बहुधा असं पत्र नसेल.

पत्र नाही म्हणजे अटी नाहीत, असा अर्थ काढू नका. त्या वेगवेगळ्या फायलींत विखुरलेल्या असतात. नदी आणि कालवा ओलांडण्याची जलसंपदा विभागाची परवानगी, रस्त्याखालून जाण्याची सार्वजनिक बांधकाम किंवा महामार्ग प्राधिकरणाची, रेल्वेची, महापालिकेची खोदाई परवानगी, वनजमीन असेल तर वन विभागाची, झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाची, जनरेटर किंवा काँक्रीट प्लांट असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, शिवाय कंपनीच्या निविदेतला पर्यावरण व्यवस्थापन आराखडा. प्रत्येक पत्रातली प्रत्येक अट एका वहीत एका ओळीत उतरवा: अट काय, कोणत्या चेनेजला, जबाबदार कोण, पुरावा कोणता. मला याला चार दिवस लागले. त्या चार दिवसांनी पुढचे आठ महिने वाचवले.

पर्यावरण मंजुरी असेलच, तर अटी पाळल्याचा सहामाही (अनुपालन) अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तारीख भिंतीवर लावा.

जमिनीबद्दलही थोडं माहीत असू द्या, कारण शेतकरी तुम्हालाच विचारणार. १९६२ च्या पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन कायद्याने कंपनीला जमिनीची मालकी मिळत नाही, फक्त वापराचा हक्क मिळतो. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. कलम ९ प्रमाणे त्या पट्ट्यात घर, विहीर, टाकी बांधता येत नाही आणि झाड लावता येत नाही. भरपाईचा विषय सक्षम प्राधिकाऱ्याकडे असतो. तुम्ही एक रुपयाचंही आश्वासन देऊ नका. माझ्या एका सहकाऱ्याने बांधावर चहा घेताना "बघू आप्पा, होऊन जाईल" एवढंच म्हटलं होतं. ते वाक्य पुढे तहसील कचेरीत त्याच्या तोंडावर आलं.

२. यंत्र यायच्या आधी रेषा पायी चाला

गाडीतून नाही, पायी. आरओयूचे, म्हणजे कंपनीला वापराचा हक्क असलेल्या पट्ट्याचे, खुंट लागले की लगेच. सोबत गावातला एखादा जाणता माणूस घ्या. पोलीस पाटील असेल तर उत्तम, नाहीतर ज्याला पाणी कुठून कुठे वाहतं ते ठाऊक आहे असा कोणीही.

काय नोंदवायचं? रेषेच्या दोन्ही बाजूंच्या विहिरी आणि बोअर, त्यांची खोली आणि पाण्याची पातळी. ठिबकच्या मुख्य नळ्या. बांध, पाट, नाले. शहरात शाळा, दवाखाने, जुन्या भिंती, तडे गेलेली घरं, गटारं, नळाच्या लाइनी. तड्यांचे फोटो पट्टी लावून काढा. पोकलेन आल्यावर 'तुमच्यामुळे भिंत फुटली' हे होणारच. कधी ते खरंही असतं.

विहिरींचे नमुने काम सुरू होण्याआधीच घ्या. सामू (पीएच), टीडीएस (विरघळलेले क्षार), गढूळपणा, तेल आणि ग्रीस, नायट्रेट. नायट्रेट मुद्दाम सांगतो आहे: केळीच्या पट्ट्यात खतांमुळे ते आधीच चढलेलं असू शकतं, आणि आधीचा आकडा नसेल तर दोष पाइपलाइनवर येतो. उलटही घडतं. एका ठिकाणी चरीतलं पाणी उपसल्यावर शेजारच्या विहिरीचं पाणी आठवडाभर तांबूस येत होतं. शेतकऱ्याचं म्हणणं मला बरोबर वाटत होतं, पण माझ्याकडे आधीचा नमुनाच नव्हता. कंत्राटदाराने हात वर केले आणि मी काहीच सिद्ध करू शकलो नाही. त्या घरात मी नंतर दोनदा चहा प्यायलो. तिसऱ्यांदा जायची हिंमत झाली नाही.

रावेर-यावल भागात असाल तर आणखी एक. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा, भुसभुशीत असा जो पट्टा आहे, ज्याला भूजलवाले बझाडा म्हणतात, तिथे पाणी झपाट्याने मुरतं. तिथे डिझेल सांडलं तर तेही तसंच मुरतं. त्या पट्ट्यात इंधनाचा साठा ठेवूच देऊ नका.

३. पिशवीत काय असावं

जीपीएसचा शिक्का पडणारा फोन आणि पॉवर बँक. कॅलिब्रेशनचं चालू प्रमाणपत्र असलेला ध्वनीमापक. फोनमधलं आवाजाचं ॲप चालत नाही, सुनावणीत पहिल्या मिनिटाला उडतं. सामू आणि टीडीएसचे हातातले मीटर. पाच मीटरची टेप. नमुन्यांच्या बाटल्या आणि बर्फाचा डबा; तेल-ग्रीससाठी काचेची बाटली, प्लास्टिकची नको. एक खुरपं. पांढरी चुनखडी. हवेचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडूनच घ्या, त्यांचं यंत्र त्यांनाच लावू द्या, पण लावताना तुम्ही तिथे उभे राहा. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा दोन लिटर पाणी आणि उपरणं. हे गमतीने लिहिलेलं नाही. भर दुपारी चक्कर येऊन पडलेला निरीक्षक कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

४. माती: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

चेकलिस्टमध्ये मातीला दोन ओळी असतात. खान्देशात तिला अर्धा दिवस द्यावा लागतो.

तापीच्या खोऱ्यातली काळी माती वरून सारखी दिसते. खुरप्याने चरीची भिंत खरवडून पाहा. वर काळा भुसभुशीत थर, खाली तपकिरी होत जाणारी चिकट माती, आणि आणखी खाली बऱ्याच ठिकाणी पिवळसर, पांढरे खडे असलेला चुनखडीचा मुरूम. पीक येतं ते वरच्या वीस-तीस सेंटिमीटरच्या जिवावर. तो थर आधी वेगळा काढायचा, आरओयूच्या एका कडेला रचायचा, खालची माती दुसऱ्या बाजूला टाकायची, आणि भरताना उलट क्रमाने भरायचं. नियम एवढाच आहे. मोडतो तो घाईमुळे, कारण पोकलेनवाल्याला खोदलेल्या मीटरमागे पैसे मिळतात आणि दोन ढीग करायला एकापेक्षा जास्त वेळ लागतो.

अमळनेरच्या बाजूला एका शेतात भराव झाल्यावर मी समाधानाने फोटो काढत होतो. वर सगळं काळंच दिसत होतं. शेताचे मालक नाना, सत्तरीचे असतील, वाकले, मूठभर माती उचलली आणि तळहातावर चोळली. मग दोन पावलं बाजूला जाऊन, न खोदलेल्या भागातली मूठ घेतली. दोन्ही हात माझ्यापुढे धरले. एका हातातली माती कणीदार, दुसरीत बारीक पांढरे खडे. ते म्हणाले, "हाई माटी मन्ही नही शे, भाऊ." म्हणजे, ही माती माझी नाही. पोकलेनने खालचा मुरूम वर आणून त्यावर काळ्या मातीचा जेमतेम चार बोटं हात फिरवला होता. ती पन्नास-साठ मीटर आम्ही पुन्हा उघडायला लावली. कंत्राटदार आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

तेव्हापासून मी दर शंभर मीटरला तीन फोटो काढतो: वरचा थर काढल्यावर, दोन ढीग वेगळे दिसतील असा एक, आणि वरचा थर परत टाकण्याआधीचा एक. तिन्हींत तोच खुंट दिसला पाहिजे. ढिगाऱ्यांच्या मधे चुनखडीची रेघ मारली की ऑपरेटरलाही सोपं जातं. त्याला शिव्या देण्यापेक्षा रेघ मारून द्या.

सापळे:

ओल्या काळ्या मातीत जड यंत्र नेऊ देऊ नका. पाइप उचलणाऱ्या साइडबूम यंत्राच्या पट्ट्याने दाबलेली ओली माती वाळली की विटेसारखी होते आणि नांगर वर उड्या मारतो. पाऊस पडून गेल्यावर टाचेने दाबून पाहा. पाय रुतला तर काम बंद.

चरीवर उंचवटा ठेवतात, कारण माती नंतर बसते. बरोबर आहे. पण सलग उंचवटा म्हणजे बांध. शेताच्या उताराला पाणी अडून वरच्या बाजूचा कापूस पिवळा पडतो. जिथे पाणी वाहतं तिथे उंचवट्यात खिंडी ठेवायला सांगा.

ठिबकची नळी तुटली तर त्याच दिवशी जोडून द्यावी लागते. मेमध्ये केळीला दोन दिवस पाणी चुकलं तर पानं होरपळतात. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांची लागण कधी आहे हे विचारून वेळापत्रक ठरवा. मजुरांचंही तसंच. सातपुड्यातून आलेले मजूर होळीला घरी जाणार, आखाजीलाही (अक्षय तृतीयेला) माणसं पांगणार. त्या दिवसांत उघडी चर ठेवून कोणी गेलं तर ती आठवडाभर तशीच राहते.

५. शहरात: धूळ, आवाज आणि उघडी चर

वस्तीत शिरलं की तक्रारी तिप्पट होतात आणि बहुतेक खऱ्या असतात.

आवाजाच्या मर्यादा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. शांतता क्षेत्र म्हणजे शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्या भोवती १०० मीटर. हे सरासरी आकडे आहेत, एखाद्या क्षणाचे नाहीत. म्हणून आधी यंत्र बंद असताना मोजा, मग चालू असताना, त्याच जागी. हायवेलगतच्या वस्तीत यंत्र बंद असतानाच काटा ५५ च्या पुढे असतो. तो पहिला आकडा हातात नसेल तर दुसऱ्याला अर्थ नाही. जनरेटरला झाकण आहे का हे पाहणं पुरेसं नाही. झाकणाची दारं उघडी टाकून ठेवतात, उन्हाळ्यात हमखास, कारण आत तापतं.

धुळीसाठी, म्हणजे पीएम १० आणि त्याहून बारीक पीएम २.५ या हवेतल्या कणांसाठी, मानकं ठरलेली आहेत: २४ तासांची सरासरी पीएम १० साठी १०० आणि पीएम २.५ साठी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. प्रयोगशाळेचा अहवाल यायला दिवस लागतात. तोवर रोजची खूण म्हणून कच्च्या रस्त्याकडेच्या केळीच्या पानावर बोटाने रेघ ओढा. रेघ उमटली तर पाणी कमी पडतं आहे.

पाणी मारताना मात्र डोकं वापरा. नळाला दिवसाआड, काही वस्त्यांत त्याहूनही उशिरा पाणी येतं अशा ठिकाणी टँकर भरभरून रस्त्यावर पाणी ओतलं तर लोक दगड मारतील आणि त्यांचं फार चुकणार नाही. पालिकेचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र जवळ असेल तर तिथलं प्रक्रिया केलेलं पाणी मागा. गाड्यांचा वेग कमी केला, मातीच्या डंपरवर ताडपत्री बांधली, की निम्मी धूळ पाण्याशिवाय कमी होते. मे महिन्यात शिंपडलेला रस्ता तासाभरात पुन्हा कोरडा असतो.

उघडी चर रात्री किती मीटर राहते ते रोज लिहा. वस्तीत एका दिवसात जेवढी बुजवता येईल तेवढीच खोदायची. लांब तुकडा उघडा ठेवावाच लागला तर ठराविक अंतरावर उतार करून ठेवायला सांगा, म्हणजे पडलेलं जनावर बाहेर येईल. सकाळी सगळ्यात आधी चर पायी बघा, मजूर खाली उतरण्यापूर्वी. मला वासरू सापडलं आहे, घोरपड सापडली आहे, आणि घोणस तर तीनदा. सर्पमित्राचा नंबर फोनमध्ये हवा.

नळाची आणि गटाराची लाइन कुठे आहे याचे पालिकेचे नकाशे आंधळेपणाने मानू नका. हाताने खड्डा खणून खात्री करायला लावा. पाण्याच्या पाळीच्या दिवशी नळाची मुख्य लाइन फुटली तर त्या वॉर्डात तुमचं काम महिनाभर मागे जातं.

झाडं: नागरी भागात १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. 'मूळच तर आहे' म्हणून मुळं तोडली जातात, त्यावर लक्ष ठेवा. बदल्यात लावलेली झाडं लावण्याच्या दिवशी मोजू नका; त्या दिवशी सगळीच हिरवी असतात. पुढच्या मेमध्ये मोजा.

६. नदी, नाले आणि पाट

गिरणा, वाघूर, पांझरा, बोरी, बुराई अशा नद्या उन्हाळ्यात कोरड्या दिसतात आणि म्हणून कंत्राटदार त्यांना नदी मानत नाही. वाळूखाली पाणी असतं. पात्रात माती, डबर किंवा पाइपचे तुकडे पावसाळ्यापर्यंत पडून राहता कामा नयेत.

पांझरेवर फडाचे जुने बंधारे आहेत. या काही शतकं जुन्या पद्धतीत पाट कधी, कोणत्या फडाला (शेतांच्या गटाला) सुटणार हे गावकरी मिळून ठरवतात आणि पाटकरी ते सांभाळतो. पाट ओलांडायचा असेल तर जलसंपदा विभागाच्या कागदाइतकंच पाटकऱ्याला भेटणं गरजेचं. पाळी कधी आहे, किती दिवस मधे मोकळे आहेत, हे तो कागदापेक्षा अचूक सांगेल.

मोठ्या नद्या आणि रस्ते आडव्या ड्रिलिंगने, एचडीडीने, ओलांडतात. वरून काही उकरत नाही, म्हणून निरीक्षक निवांत बसतो. तिथेच फसतो. ड्रिलच्या भोकातून बेंटोनाइट या चिकण मातीचा चिखल दाबाने फिरत असतो. जमिनीत वाळूचा किंवा भेगाळलेल्या काळ्या पाषाणाचा थर लागला की हा चिखल वाट काढून पात्रात वर येतो. बेंटोनाइट विष नाही, पण तो तळावर मुलतानी मातीच्या लेपासारखा बसतो आणि त्याखालचं सगळं गुदमरतं: माशांची अंडी, शिंपले, किडे.

मी पाहिलेला असा पहिला प्रकार मला यंत्रावरून कळलाच नाही. पहाटे एक ठेलारी मेंढपाळ आला आणि म्हणाला, मेंढ्या नाल्याच्या पाण्याला तोंड लावत नाहीत. गेलो तर डोहात राखाडी, दुधासारखं पाणी, आणि मधोमध एक संथ बुडबुडा, उकळत्या पिठल्यासारखा. रिगवर, म्हणजे ड्रिलच्या यंत्रापाशी, परत येईपर्यंत पंप चालूच होता. ऑपरेटरला चिखल परत येत नाही हे अर्ध्या तासापासून दिसत होतं. त्याने आणखी चिखल मिसळून ढकलला होता.

म्हणून:

पहिलं भोक पाडताना एक माणूस सतत पात्रातून रेषेवर चालता ठेवा, रात्रीही, टॉर्च घेऊन. प्रवेश आणि निकास टोकांजवळ जास्त लक्ष, कारण तिथे वर मातीचं आवरण पातळ असतं.

चिखल परतणं कमी झालं किंवा दाब एकदम पडला की पहिलं काम पंप बंद. कारण नंतर शोधायचं.

वाळूची पोती, सांडपाण्याचा पंप आणि चिखल ओढणारा टँकर काम सुरू होण्याआधी जागेवर हवेत. 'मागवला आहे' हे उत्तर मान्य करू नका.

वापरलेला चिखल अस्तर घातलेल्या खड्ड्यात. रात्रीच्या अंधारात टँकर नाल्याला रिकामा करण्याची चाल जुनी आहे. टँकरच्या फेऱ्या मोजा.

पाइप ओढायला सुरुवात झाली की मधे थांबता येत नाही, अडकतो. त्यामुळे वस्तीजवळ हे ओढणं पहाटे सहाला सुरू होईल असं आधीच ठरवून घ्या. दुपारी सुरू केलं तर रात्रीच्या ४५ डेसिबलचं काय होणार हे सांगायला नको.

७. तेल, डबे आणि अंधारखोली

यंत्रांचं जळकं ऑइल हा घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच, फॉर्म १० भरून द्यायचा. प्रत्यक्षात काय होतं? बांधावरचा शेतकरी मागतो, लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून. मेकॅनिक त्याला डबा भरून देतो. भंगारवाला उरलेलं नेतो. वाईट हेतू कोणाचाच नसतो आणि तुमच्या नोंदवहीत पन्नास लिटरचा हिशेब लागत नाही. किती ऑइल भरलं आणि किती निघालं याची वही स्टोअरकडून दर आठवड्याला मागा.

डिझेलच्या पिंपाखाली ट्रे आहे का बघा, आणि ट्रेमध्ये पाणी साचलेलं आहे का तेही.

पाइपच्या जोडांचे क्ष-किरणासारखे फोटो घेतात, त्या रेडिओग्राफीचं एक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. फिल्म धुण्याची अंधारखोली शहरात भाड्याच्या घरात थाटतात आणि वापरलेलं फिक्सर, डेव्हलपर मोरीत जातं. पत्ता विचारा आणि एकदा अचानक जा.

८. हायड्रोटेस्ट: पाण्याचा हिशेब आधी मांडा

पाइप पाण्याने भरून, चालवण्याच्या कमाल दाबाच्या सव्वापट किंवा जास्त दाब देऊन चोवीस तास धरतात. १८ इंची पाइपमध्ये किलोमीटरमागे सुमारे १५५ घनमीटर पाणी मावतं. म्हणजे दहा किलोमीटरच्या तुकड्याला साडेपंधरा लाख लिटर, दहा हजारी टँकरच्या दीडशेवर फेऱ्या. हे पाणी एप्रिलमध्ये कुठून आणणार, हा प्रश्न जानेवारीत विचारा. स्रोताची लेखी परवानगी बघा. एका तुकड्यातलं पाणी पुढच्या तुकड्यात ढकलून वापरता येतं. कंत्राटदार आळस करतो, पण आग्रह धरा.

सोडताना: पाण्यात गंजरोधक किंवा जंतुनाशक मिसळलं होतं का, ते कोणतं, किती, याचा कागद घ्या. प्रयोगशाळेचा अहवाल हातात आल्याशिवाय झडप उघडायची नाही. नदी-नाल्यात सोडायचं तर सामू ५.५ ते ९, तरंगते कण लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत, तेल-ग्रीस १० पर्यंत. शेतजमिनीवर कणांची मर्यादा २०० आहे, तेलाची तीच. पहिलं पाणी गंजाने तांबडं येतं. ते वेगळ्या खड्ड्यात घ्या. तोंडाशी दगड रचून जोर मोडा, नाहीतर काठ कापला जातो.

बागायतदार येऊन म्हणतील, "भाऊ, वाया घालवण्यापेक्षा आमच्या केळीला द्या." मोह होतो. रसायन घातलेलं पाणी असेल तर स्पष्ट नाही म्हणा, आणि का ते सांगा. साधं पाणी असेल आणि अहवाल ठीक असेल तर त्यांचं लेखी घेऊन द्यायला हरकत नाही.

९. नोंद अशी लिहा की वर्षाने तुम्हालाही कळेल

"धूळ आढळली, सूचना दिली" ही नोंद निरुपयोगी. चेनेज, वेळ, काय दिसलं, किती लांबीत, कोणाला सांगितलं, त्याने काय केलं, पुन्हा कधी पाहिलं. फोटोचा क्रमांक. बस.

काम थांबवण्याचा अधिकार तुम्हाला लेखी आहे का, हे रुजू होतानाच विचारा. नसेल तर कोणाला फोन केला की दहा मिनिटांत थांबतं त्याचं नाव घ्या. आणि अनुपालन नसल्याची नोटीस काढली की ती बंदही तुम्हीच करा, जागेवर जाऊन. कंत्राटदाराने पाठवलेल्या 'दुरुस्तीनंतरच्या' फोटोंवर बंद केलेली एक नोटीस मला आठवते. फोटोतलं शेत दुसरंच होतं. मागे कडुनिंब होता, आमच्या जागेवर नव्हता.

प्रयोगशाळेचा अहवाल नेहमी सगळा हिरवा येत असेल तर संशय घ्या. मेमध्ये, उघड्या चरीजवळ, पीएम १० दर वेळी ६२ कसं येईल?

१०. शेतकऱ्याची सही घाईने घेऊ नका

भराव झाला की कंत्राटदार 'जमीन पूर्ववत मिळाली' अशा कागदावर सह्या घेत फिरतो. उन्हाळ्यात सगळी जमीन सपाटच दिसते. बांध पुन्हा घातला का, ठिबक चालू करून पाहिलं का, दगड वेचले का, इलेक्ट्रोडचे तुकडे आणि तारा उचलल्या का, एवढं तेव्हा बघता येतं. चर खचली का, पाणी तुंबतं का, हे पावसाशिवाय कळत नाही. म्हणून सहीच्या कागदात पावसाळ्यानंतरच्या पाहणीचा रकाना घालून घ्या. तो नसेल तर शेतकऱ्याला सांगा की तो लिहून मागा.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रेषेवर पुन्हा चालायला निघा. जुन्या फोटोंतले खुंट शोधत जा, खचलेल्या जागी टेप लावा, खिंडीतून पाणी निघालं का बघा. काळ्या मातीत बूट दर चार पावलांनी शेरभर जड होतात. चिखल खरवडायला एक काडी सोबत ठेवा.